तांदळात लिहिलेली नावे

पेशव्यांची वंशावळ कारकुनी दृष्टीने चाळली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. या घराण्याने १७१३ पासून १८१८ पर्यंत कारभार पाहिला, परंतु नावांच्या बाबतीत मोठी काटकसर केली. बाळाजी दोन, बाजीराव दोन, माधवराव दोन. तरीही त्यांच्या दप्तरात घोटाळा झाला नाही. बाळाजी विश्वनाथ म्हटले की आजोबा आणि बाळाजी बाजीराव म्हटले की नातू, हे शाळकरी पोरालाही कळते. बाजीराव बल्लाळ हा १७३७ साली दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणारा. बाजीराव रघुनाथ हा राज्य गमावून ब्रह्मावर्तास जाऊन राहणारा. माधवराव बल्लाळ पानिपतानंतर राज्याची घडी बसविणारा; माधवराव नारायण हा सवाई. मध्ये बापाचे नाव घातले की नामसाधर्म्याचा प्रश्न तेथल्या तेथे मिटतो.

आपल्या नामपद्धतीचा हा गुण परप्रांतात नोकरी केल्यावर अधिक कळतो. येथील ज्येष्ठतायाद्यांत एकाच नावाच्या तिघा कर्मचाऱ्यांपुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे घातलेले असतात, आणि एकाच्या बढतीचे पत्र दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन पडते. अशा वेळी आपला मराठी माणूस किंचित ऐटीने सांगतो की, आमच्याकडे असे होत नाही. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असा तीन पदरी दोर आम्ही वळतो. ही ऐट खोटी नाही. मात्र ती अर्धीच खरी आहे. मराठी समाजातील अर्ध्या माणसांना, म्हणजे स्त्रियांना, हा दोर कधी मिळालाच नाही. त्याहून पुढे जाऊन माझे म्हणणे असे आहे की, पुरुषांमधील नामसाधर्म्य आपण ज्या पद्धतीने मिटविले त्याच पद्धतीने स्त्रियांमधील नामसाधर्म्य आपण निर्माण केले. पुरुषांच्या बाबतीत तो योगायोग असतो. स्त्रियांच्या बाबतीत ती आपल्या हातची निपज आहे.

कशी, ते पाहू. आपल्यातील अनेक घराण्यांत लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. साखर वाटली जाते, सर्वांना नाव सांगितले जाते, आणि बापाने बारशाला ठेवलेले नाव त्या घटकेपासून संपते. हे नवे नाव कोठून येते? पुष्कळदा ते नवऱ्याच्या नावावरून येते. नवरा माधव तर बायको रमा; नवरा नारायण तर बायको लक्ष्मी; नवरा केशव तर सत्यभामा किंवा रुक्मिणी. देवादिकांची जोडपी मोजकीच आहेत. त्यामुळे ज्या समाजात माधव, नारायण आणि केशव विपुल, त्या समाजात रमा, लक्ष्मी आणि सत्यभामाही विपुल होणार, हे साधे त्रैराशिक आहे. थोरल्या माधवरावांची पत्नी रमाबाई. सवाई माधवरावांची पहिली पत्नीही रमाबाई. पुढे शंभर वर्षांनी महादेव गोविंद रानडे, ज्यांना सारे पुणे माधवराव म्हणत असे, त्यांचे १८७३ साली लग्न झाले. मुलगी देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची, नाव यमुना. सासरी ती रमा झाली. बाळ गंगाधर टिळकांचे मूळ नाव केशव; त्यांच्या पत्नीचे माहेरचे नाव तापी, सासरचे सत्यभामा. नारायण वामन टिळकांची पत्नी माहेरी गोखल्यांची मनकर्णिका, सासरी लक्ष्मी. ही नावे त्या मुलींची नव्हती. नवऱ्याच्या नावाचा तो उत्तरार्ध होता.

आणि मग मध्ये बापाचे नाव घालण्याची ती प्रसिद्ध मराठी युक्ती? तीही येथे लंगडी पडते, कारण मधले नावही बदलते. म्हणजे तीन पदरांपैकी पहिला पदर नवऱ्याच्या नावाशी यमक जुळवून ठरविलेला, दुसरा नवऱ्याचे नाव, तिसरा नवऱ्याचे आडनाव. त्या स्त्रीचे स्वतःचे म्हणून त्यात काय राहिले? पुढे ती स्त्री कर्तृत्ववान निघाली आणि लोक तिला आदराने एकेरी नावापुढे 'बाई' लावून ओळखू लागले, की वरचे दोन पदरही गळून जातात आणि उरते केवळ 'रमाबाई'.

कोणी म्हणेल, उरले तर उरले. त्यात बिघडले काय? बिघडते ते असे. माझ्या माहितीच्या एका परप्रांतीय मराठी मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांवर एक पान होते. त्यात छापले होते की, न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. मुद्रिते चांगल्या शिकलेल्या माणसांनी तपासली होती. कोणालाही खटकले नाही. आता वस्तुस्थिती पाहा. शारदा सदन १८८९ साली मुंबईत काढले ते पंडिता रमाबाईंनी. त्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. त्यांनी १८८० साली बिपिन बिहारी मेधावी या बंगाली गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, आणि बापाने ठेवलेले 'रमा' हे नाव अखेरपर्यंत राखले. 'पंडिता' ही पदवी त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली दिली. १८८२ साली, वैधव्य आल्यावर, त्या पुण्यास आल्या. त्यांची प्रवचने ऐकावयास जाणाऱ्या स्त्रियांत रमाबाई रानडेही होत्या. आर्य महिला समाजाच्या आरंभीच्या दिवसांत दोघी एकत्र होत्या. येथपर्यंत दोन वाटा शेजारून गेल्या. पुढे त्या फाकल्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. शारदा सदनातील मुलींवर त्या धर्माचा संस्कार होतो असा आक्षेप निघाला, तेव्हा १८९३ साली सदनाच्या सल्लागार मंडळातून जे मान्यवर बाहेर पडले त्यांत रानडे आणि भांडारकर होते. ज्या संस्थेचा राजीनामा नवऱ्याने दिला तिचे संस्थापकत्व आपण बायकोच्या पदरी बांधतो, आणि ते केवळ नाव एक म्हणून.

यात दोघींवर अन्याय आहे. एकीने धर्म, जात, प्रांत सारे ओलांडून, ज्या पुण्याने तिला डोक्यावर घेतले त्याच पुण्याचा रोष पत्करला, आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे केले. दुसरीने घर सोडले नाही. घरातल्या बायकांचे टोमणे सोसून ती अक्षरे शिकली, नवऱ्यामागे तिने १९०९ साली पुण्याचे सेवासदन नावारूपास आणले, आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. एक धैर्य घर सोडण्याचे, एक घरात राहण्याचे. इतिहासाने ही दोन्ही निरनिराळी मोजली पाहिजेत. आपण त्यांची बेरीज करतो आणि उत्तर चुकवितो. याच नावाच्या आणखी दोघी मराठी मनात आहेत: १७७२ साली थेऊरला सती गेलेल्या पेशव्यांच्या रमाबाई, आणि १९३५ साली निवर्तलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई. या शेवटच्या रमाबाईंना लोकांनी 'रमाई' म्हटले आणि त्यांचे नाव इतर सर्व रमाबाईंपासून वेगळे काढले. स्वतः बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिका 'रामू' या घरगुती नावाने लिहिली. जे काम विद्वानांच्या सूचींनी करावयाचे ते तेथे प्रेमाने केले आहे.

रमाबाईंची ही अवस्था, तर आनंदीबाईंची त्याहून बिकट. मराठी माणसाच्या कानाला 'आनंदीबाई' म्हटले की प्रथम 'ध चा मा' आठवतो. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांच्या पत्नीने पत्रातले एक अक्षर बदलले ही आख्यायिका. पण ती वाक्प्रचार होऊन भाषेत बसली आणि त्या नावाला चिकटली. आता दुसऱ्या आनंदीबाई घ्या. कल्याणच्या जोशांची मुलगी, जन्म १८६५, नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न झाले आणि आनंदी झाली. रमाबाई रानड्यांप्रमाणेच हीही यमुनाच, हे किती जणांच्या ध्यानात येते? गोपाळराव टपाल खात्यातील नोकर. आपणा साऱ्यांप्रमाणेच बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड हलविणारे. बदल्या होत होत ते बंगालमध्ये श्रीरामपूरला पोहोचले. तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात फेब्रुवारी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या या मुलीने आपण अमेरिकेस वैद्यक शिकावयास का जातो ते जाहीर भाषणात सांगितले. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेस गेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, आनंदीबाई पुण्यात वारल्या.

तिसऱ्या आनंदीबाई कर्व्यांच्या. माहेरचे नाव गोदूबाई, आडनाव जोशीच. बालविधवा. शारदा सदन उघडले तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा त्याच. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या; घरी दारी बाया. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र. आता ज्याला या तिघी ठाऊक नाहीत त्याने सूचीत 'आनंदीबाई, माहेरच्या जोशी' एवढे वाचले तर त्याने काय समजावे? डॉक्टरीण माहेरची जोशी आणि सासरचीही जोशी. बाया माहेरची जोशी, सासरची कर्वे. डॉक्टरीण गेली त्यानंतर दोन वर्षांनी शारदा सदन उघडले. या दोघींना वेगळे ओळखण्याची एकमेव सोपी खूण म्हणजे बारशाची नावे: यमुना आणि गोदू. तीच आपण तांदळात पुरून टाकली.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर नाटककारालाही सुचली नसती. मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका, लाडाची मनू, ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने वाढली. १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढता लढता पडली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ साली, नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी आणखी एक मनकर्णिका जन्मली. तीही मनू आणि लग्नानंतर तीही लक्ष्मीबाई. एकीने तरवार चालविली. दुसरीने 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी गद्याला असा सरळ, हसरा, निर्भय आवाज दिला की त्याला तोड नाही. येथील एका सुशिक्षित सहकाऱ्याने मला विचारले की, "लोकमान्यांच्या पत्नीने आत्मचरित्र लिहिले आहे म्हणतात, ते हिंदीत मिळेल का?" परप्रांतीयाला दोष कसा द्यावा? टिळक म्हटले की त्याला एकच टिळक ठाऊक. परंतु लोकमान्यांच्या पत्नी, त्या सत्यभामाबाई, ते मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ साली वारल्या, आणि त्यांच्या मनात काय होते ते लिहून ठेवावयास त्यांना कोणी सांगितले नाही, एवढेही त्याला सांगू शकतील असे किती मराठी लोक येथे आहेत?

येथवर इतिहासाचे झाले. आता माझ्या खुर्चीवरून दिसणारे सांगतो. एकाच नावाच्या अनेक स्त्रिया हा या नाण्याचा छाप आहे. त्याचा काटा म्हणजे एकाच स्त्रीची अनेक नावे. सेवापुस्तकात नवऱ्याने नामनिर्देशनाच्या वेळी बायकोचे सासरचे नाव लिहिलेले असते. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. बँकेच्या खात्यात हाकेचे. तो गेल्यावर ती कुटुंब निवृत्तिवेतनासाठी येते, तेव्हा आम्ही तिला म्हणतो की, या तिन्ही स्त्रिया एकच असल्याचे शपथपत्र आणा. चौदा दिवस झाले नाहीत तोच ही बाई वकिलाच्या ओट्यावर बसून 'मी तीच आहे' असे लिहून देत असते. आणि पुरुष कर्मचाऱ्याला आपल्या नावातील एखादे अक्षर बदलावयाचे तर? प्रतिज्ञालेख हवा, वर्तमानपत्रांत जाहिरात हवी, राजपत्रात प्रसिद्धी हवी. सरकारच्या लेखी नाव इतकी गंभीर वस्तू आहे. आपल्या घरात मात्र ती वाटीभर तांदूळ आणि एक अंगठी यांवर भागते.

याला तीन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले असे की, नवे नाव हे प्रेमाने दिलेले असते. लग्न म्हणजे स्त्रीचा नवा जन्म. प्रेम मला मान्य आहे. परंतु ज्या जन्मासाठी जुने नाव टाकावे लागते तो जन्म पुरुषाच्या वाट्याला कधी आला नाही. नव्या घरात जाणाऱ्या जावयाचे नाव कोणी ताटात लिहीत नाही, घरजावयाचेही नाही. दुसरे उत्तर असे की, माणूस कामाने ओळखला जातो, नावाने नव्हे. हे वाक्य ऐकावयास गोड आहे, पण काम ज्या दोरीने माणसाला बांधलेले असते ती दोरी नावाचीच. शारदा सदनाचे श्रेय चुकीच्या रमाबाईंकडे गेले ते काम विसरल्यामुळे नव्हे. काम लक्षात राहिले आणि नाव गोंधळले म्हणून.

तिसरे उत्तर सर्वांत चतुर: ही रूढी आता मरत चालली आहे, मेलेल्याला कशाला मारता? खरे आहे की, आज पुष्कळ मुली नाव बदलून घेत नाहीत. कित्येकजणी आडनावही बदलत नाहीत. परंतु रूढी ताटातून गेली म्हणजे कागदातून गेली असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली एक चांगला निर्णय केला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव यावे. मात्र विवाहित स्त्रीने स्वतःच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची पद्धत त्या निर्णयातही जशीच्या तशी ठेवली आहे. म्हणजे मुलाच्या नावात आई आली. आईच्या नावात तिची आई अजून यावयाची आहे. आणि आपल्या मंडळांचे सभासदपट उघडून पाहा. तेथे 'श्री. व सौ.' यांच्या पुढे एकाच माणसाची आद्याक्षरे असतात. मंडळाच्या पाककृती स्पर्धेत पहिले बक्षीस मिळविणारी, नाटकात काम करणारी, ग्रंथालयाच्या किल्ल्या वीस वर्षे सांभाळणारी स्त्री त्या पटावर नवऱ्याच्या आद्याक्षरांमागे 'सौ.' होऊन उभी असते. बदली झाली की दोघे जातात, आणि तिने येथे काय केले ते शोधावयास पुढच्याला नावही सापडत नाही.

आपण परप्रांती राहणारी माणसे. आपल्या मागे येथे राहते ते एवढेच: मंडळाचे दप्तर, स्मरणिका, ग्रंथालयातील कार्डे. महाराष्ट्रात एखादी चूक छापली गेली तर दुरुस्त करणारे दहा जण भेटतात. येथे आपण छापू तेच शेजाऱ्यांच्या दृष्टीने मराठी इतिहास होतो. म्हणून मागणी थोडी आहे आणि तिला खर्च नाही. ग्रंथालयातील प्रत्येक लेखिकेच्या कार्डावर रूढ नावाखाली जन्मनाव आणि जन्ममृत्यूची साले लिहावी: रानडे, रमाबाई, जन्मनाव यमुना कुर्लेकर, टिळक, लक्ष्मीबाई, जन्मनाव मनकर्णिका गोखले, जोशी, आनंदीबाई, जन्मनाव यमुना जोशी. स्मरणिकेत 'रमाबाई' हे एकटे नाव कधी छापू नये. मंडळाच्या पटावर प्रत्येक स्त्री सभासदाचे नाव तिने स्वतः लिहून द्यावे, ती देईल तसेच उतरावे, आणि तिच्या ओळीवर दुसऱ्या कोणाची आद्याक्षरे नसावी. सेवापुस्तकात पत्नीचे नाव नोंदविताना प्रत्येकाने तिची दोन्ही नावे आजच लिहून ठेवावी. उद्या तिला आमच्या खिडकीशी उभे राहून 'मी तीच' असे शपथेवर सांगावे लागू नये.

पेशव्यांच्या दप्तरदाराने दोन बाजीराव कधी एक होऊ दिले नाहीत, कारण दोघांचे हुकूम वेगळे, देणी वेगळी, जबाबदारी वेगळी. दोन रमाबाई, तीन आनंदीबाई आणि दोन लक्ष्मीबाई यांचीही खाती वेगळीच आहेत. ती वेगळी मांडावयास विद्वत्ता लागत नाही. नीट ठेवलेले रजिस्टर पुरते, आणि ते ठेवावयास आपण सरकारी नोकर तरी असमर्थ नाही.